औषधं चालू असताना लस कशी घ्यायची (मनानं गोळ्या बंद न करता)

आमच्या घरात आईला आमवात, मामांची केमो झालेली, सासरे रक्त पातळ करायच्या गोळीवर, त्यामुळं गेली कित्येक वर्षं कुणाची ना कुणाची लस माझ्याच गळ्यात असते. आणि दरवेळी रंकाळ्यावर फिरताना कोणतरी भेटतंयच, "औषध चालू असताना लस घ्यायची नसते हो." कुणी सांगितलं? ज्यांची असली औषधं चालू आहेत त्यांनाच तर फ्लू नि न्यूमोनिया जास्त भोवतो.

आधी सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून डॉक्टरांकडं न्या. सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या घेत असाल तर त्याही न्या, लाजू नका, त्यात कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतंय.

मग लस जिवंत आहे का मेलेली ते विचारा. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर ह्या कमजोर केलेल्या पण जिवंत जंतूंच्या लसी. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोरात चालू असेल तर ह्या टाळतात, उदाहरणार्थ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची लस), हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांत जिवंत काही नसतं, त्यामुळं त्यांनी तो आजार होणारच नाही. भीती एवढीच की लस घेऊनही अंगात नीट भिनणार नाही.

आता तारखा. इथंच मी मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लस म्हणजे शरीराला चोराचा फोटो दाखवणं. तो बघून पेशी अँटिबॉडी तयार करतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. आमवाताचं मेथोट्रेक्सेट नेमकं ह्याच पेशींना गप्प बसवतं. म्हणून अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवा. फक्त फ्लूच्या लसीसाठी हं, बाकीच्या मेलेल्या लसींना गोळी चालूच ठेवायची.

मी हे अर्धवट ऐकलं आणि पहिल्या वर्षी आईच्या सगळ्याच गोळ्या बंद केल्या, स्टिरॉइडसकट. चौथ्या दिवशी आईला अंथरुणातून उठता येईना, हाताची बोटं सुजून टम्म, चक्कर वेगळीच. डॉक्टर जे ओरडले ते मला अजून ऐकू येतंय. बरेच महिने स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, मग अचानक तोडलं की बीपी कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. आणि एवढ्यावर मी थांबले नाही, राहिलेल्या दोन आठवड्यांचं मेथोट्रेक्सेट एकदम देऊन भरून काढणार होते! नशीब विचारलं. ती गोळी आठवड्यातनं एकदाच असते, जास्त गेली तर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवरच घाला. चुकलेला डोस चुकला, सोडून द्या. आणि कुठली गोळी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांकडनं कागदावर लिहून घ्या, तोंडी ऐकलेलं घरी येईपर्यंत बदलतंय.

केमोचं गणित वेगळं. सुरू व्हायच्या आधी वेळ असेल तर मेलेली लस किमान दोन आठवडे आधी, जिवंत असेल तर चार आठवडे आधी. केमो संपल्यावर जिवंत लस घ्यायला साधारण तीन महिने थांबायचं. रिटुक्सिमॅब (काही रक्ताच्या कॅन्सरला नि आमवातालाही देतात ते इंजेक्शन) असेल तर डोस झाल्यावर सहाएक महिने बहुतेक लसी नीट लागत नाहीत, म्हणून पुढचा डोस यायच्या जरा आधी बसवायच्या. फ्लूची मात्र हंगाम आला की घ्यायची, आपल्याकडं पावसाळ्याआधी. मी हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते, मोबाइलचा अलार्म आपण बंद करून झोपतो.

बाकी सोपं आहे. रक्त पातळ करायची गोळी असेल तर नर्सना आधी सांगा, बारीक सुई वापरतात, नंतर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. ताप यायच्या आधीच पॅरासिटामोल नको, आल्यावर घ्या. अर्धा तास तिथंच बसा. लस मेडिकलमधनं आणणार असाल तर बर्फाच्या पिशवीत, २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे. मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत टाकून राजारामपुरीत खरेदी करत बसू नका. आणि घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची लस घ्या, आजारी माणसाकडं ताप नेणारे आपणच असतो.

कुत्रं चावलं तर मात्र ह्यातलं एकही गणित करायचं नाही. जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे आमचं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य, "प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे." अशा माणसाला नुसत्या ओरखड्यालाही लसीबरोबर सीरम, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागू शकतं.