पेनकिलरची सवय सोडताना मदत कशी मागावी

दुखणं खरं असतं, चिठ्ठी डॉक्टरांची असते, गोळी दुकानातून रीतसर आणलेली असते. त्यामुळे या व्यसनाला व्यसन म्हणायला जीभ रेटत नाही. दारू पिणाऱ्याला निदान आपण दारू पितोय हे माहीत असतं. इथे माणूस वर्षभर स्वतःला सांगत राहतो, मी औषध घेतोय. मग कधीतरी लक्षात येतं की आज पाठ दुखत नव्हती, तरी हात पाकिटाकडे गेला.

तिथपर्यंत पोचलेल्या आणि हे एकट्याने निस्तरणार नाही असं वाटू लागलेल्या माणसासाठी मी हे लिहितोय. माझा भर एका गोष्टीवर आहे. "मला मदत कर" एवढं म्हणून मदत मिळत नाही, कारण समोरच्याला नेमकं करायचं काय ते कळत नाही. कोणाकडून काय हवं ते आधी ठरवा आणि तेवढंच मागा. डॉक्टरांचं काम घरचे करू शकत नाहीत आणि घरच्यांचं काम डॉक्टर करू शकत नाहीत.

सुरुवातीला: गोळी कोणती ते पाहा

प्रत्येक पेनकिलरची अशी सवय लागत नाही. नुसतं पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन या प्रकारात येत नाही. इथे विषय आहे अफूच्या कुळातल्या, म्हणजे ओपिऑइड औषधांचा: कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, फेंटानिलचे पॅच. कोडीन खोकल्याच्या काही औषधांतही असतं. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा.

ते वाचण्याचं आणखी एक कारण आहे. यातल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटॅमॉल मिसळलेलं असतं. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटॅमॉल घेऊ नये. एका गोळीत ३२५ मिलिग्रॅम असेल आणि दिवसाला २० गोळ्या जात असतील, तर साडेसहा ग्रॅम पोटात जातंय आणि यकृत धोक्यात आहे. तुमचा आकडा असा असेल तर पुढचं नंतर वाचा, डॉक्टरांना आजच भेटा.

शरीराला सवय लागणं आणि व्यसन लागणं यातही फरक आहे. काही आठवडे रोज ओपिऑइड घेतलं की कोणाच्याही शरीराला त्याची सवय होते, अगदी सांगितल्या वेळेला सांगितली तेवढीच गोळी घेणाऱ्याच्याही. व्यसनात त्यापलीकडचं काही असतं: तलफ, ठरवूनही न थांबणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, लपवाछपवी. सवय लागलेल्याला बहुतेक वेळा डोस हळूहळू कमी करून देणारा चांगला डॉक्टर पुरतो. व्यसन लागलेल्याला डॉक्टरही लागतो आणि माणसंही.

पायरी १: गोळी एकदम बंद करू नका

बहुतेक जण कोणालाही न सांगता सुट्टीचे दोन दिवस बघून गोळी बंद करतात आणि तिसऱ्या दिवशी हरतात. वर "माझ्यातच दम नाही" असा निष्कर्ष काढतात. हे मला फार वाईट वाटतं, कारण तो दोष त्यांचा नसतो.

लवकर उतरणारी ओपिऑइड बंद केली की साधारण ८ ते २४ तासांत विड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्याचा शरीराला होणारा त्रास, सुरू होतो. नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडं ठणकतात, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, झोप उडते, जीव घाबरा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं शिगेला पोचतं आणि बहुतेकांचं आठवड्या-दहा दिवसांत ओसरतं. म्हणजे माणूस हार मानतो तो नेमका सर्वांत कठीण दिवशी. शरीरात जास्त वेळ राहणाऱ्या औषधांचा विड्रॉवल उशिरा सुरू होतो आणि लांबतो. ट्रॅमाडॉलचं गणित अजून वेगळं आहे. ते मेंदूतल्या सेरोटोनिनवर, म्हणजे मनःस्थितीशी संबंध असलेल्या एका रसायनावरही काम करतं, त्यामुळे सोडताना काहींना तीव्र भीती, गोंधळ, नसलेलं दिसणं असले प्रकारही होतात. मोठ्या डोसमध्ये ते झटकेही आणतं.

अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१९ मध्ये मुद्दाम इशारा दिला होता की शरीराला सवय झालेल्या रुग्णाची ही औषधं अचानक तोडली, तर तीव्र विड्रॉवल, अनावर वेदना आणि आत्महत्येपर्यंत गोष्ट जाऊ शकते. तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक सूचना सांगते की वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ औषध घेतलेल्यांना महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश केलेली घट जास्त सोसते. इतक्या हळू? हो, इतक्या हळू. आणि हा वेग डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचा, कॅलेंडरकडे बघून एकट्याने नव्हे.

गर्भवती असाल तर स्वतःहून काहीही बंद करू नका. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम अशा झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्याही चालू असतील, तर ते आधी सांगा. त्या ओपिऑइडबरोबर घेतल्याने श्वास मंदावतो आणि अचानक तोडल्या तर झटके येऊ शकतात.

पायरी २: एका माणसाला सांगा

एकालाच. सगळ्या घराला एकत्र बसवून जाहीर करण्याची गरज नाही.

हा माणूस निवडताना प्रेमापेक्षा स्वभाव बघा. ऐकून घेणारा, ऐकलेलं पोटात ठेवणारा, आणि स्वतः याच गोळ्या न घेणारा. ज्याच्याशी तुम्ही सर्वांत जास्त खोटं बोललात तो पहिला नसला तरी चालेल. त्याला आधी राग येणार आहे आणि तो राग झेलायची ताकद तुमच्यात आज कदाचित नसेल.

वेळही बघून घ्या. गोळीच्या अमलात असताना बोललेलं खरं वाटत नाही आणि अंग मोडून आलेलं असताना नीट बोलता येत नाही. शब्द सुचत नसतील तर लिहून काढा आणि वाचून दाखवा, त्यात कमीपणा नाही. समजा मोठ्या बहिणीला सांगायचंय:

"ताई, पाच मिनिटं मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याने पुढे बोलवणार नाही. ऑपरेशननंतरच्या गोळ्या मी अजून घेतेय. दिवसाला बारा. बंद करून बघितल्या, जमलं नाही. मला डॉक्टरांकडे जायचंय आणि एकटीने गेले तर मी दारातून परत येईन. गुरुवारी माझ्याबरोबर येशील?"

यात गोळ्यांचा आकडा आहे, दिवस आहे, आणि "हो" किंवा "नाही" असं उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. ताई नाही म्हणाली किंवा चिडली, तर दुसऱ्या माणसाकडे जा. आणि कोणीच नसेल तर? मग व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवरचा अनोळखी आवाज हाच तुमचा पहिला माणूस. अनोळखी माणसाला खरं सांगणं पुष्कळांना सोपंही जातं.

जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर गुरुवारची वाट पाहू नका. ते आत्ता, शब्द न फिरवता सांगा आणि तातडीच्या सेवेची मदत घ्या.

पायरी ३: डॉक्टरांना खरा आकडा सांगा

आठ दिवस वही ठेवा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कशासाठी. "कशासाठी" या रकान्यात दुखणं, झोप, भांडण, कंटाळा, जे असेल ते लिहा. डॉक्टरांना यातून फार मोठी मदत होते. लाजेपोटी आकडा निम्मा सांगितला, तर उपचारही निम्म्या आकड्याचा मिळेल आणि तो फसेल. आणखी कोणाकडून चिठ्ठ्या घेत होतात, कोणाच्या गोळ्या उचलल्यात, हेही सांगा. यापुढे डॉक्टर एकच, औषधाचं दुकान एकच.

गोळी लिहून देणारे तुमचे डॉक्टर ही पहिली जागा. त्यांना व्यसनाच्या उपचारांचा अनुभव नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायला सांगा. ते रागावले, हाकलल्यासारखं बोलले, तर तो डॉक्टर बदला. उपचार सोडू नका.

बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, ही ओपिऑइडच्याच कुळातली पण व्यसनाच्या उपचारासाठी दिली जाणारी औषधं, सुचवली तर लगेच नाही म्हणू नका. "एक सोडून दुसरी कशाला" हा प्रश्न घरातलं कोणीतरी विचारणारच. उत्तर असं: ही औषधं ठरल्या वेळी, ठरल्या मापात घेतली की तलफ आणि विड्रॉवल दबतात, दिवसभर चढ-उतार होत नाहीत, माणूस काम करू शकतो, आणि जीव जाण्याचा धोका बराच कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बुप्रेनॉर्फिन मात्र विड्रॉवल सुरू झाल्यावरच घ्यायचं असतं. आधीची गोळी अंगात असताना घेतलं तर एकदम जबरदस्त विड्रॉवल उसळतो. म्हणून कोणाकडून मिळालं म्हणून घरी घेऊन बघू नका. नाल्ट्रेक्सोन हे तिसरं औषध ओपिऑइडचा परिणामच अडवतं, पण ते सुरू करायला शरीर आधी साधारण ७ ते १० दिवस ओपिऑइडपासून पूर्ण मोकळं असावं लागतं.

मूळ दुखण्याचं काय करायचं, हेही त्याच भेटीत विचारा. ते वाऱ्यावर सोडलं तर सगळं मुसळ केरात. काही जणांच्या बाबतीत दीर्घकाळ घेतलेलं ओपिऑइडच नसा हळव्या करतं आणि दुखणं वाढवतं. अशांचं दुखणं डोस कमी केल्यावर उलट सोसवेनासं होत नाही, हलकं होतं. तरी फिजिओथेरपी आणि दुसऱ्या प्रकारची वेदनाशामकं यांची आखणी आधीच झालेली बरी.

पायरी ४: घरच्यांना कामं वाटून द्या

"सांभाळून घ्या" असं म्हटलं की घरचे पहारेकरी होतात. खिसे तपासतात, दर तासाला डोळ्यांत डोळे घालून "घेतलीस ना?" विचारतात. त्यांना काळजी वाटते, पण करायला काही नसतं. म्हणून एकेक काम द्या.

गोळ्या एकाने कुलपात ठेवायच्या आणि रोजच्या रोज, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच हातात द्यायच्या. दुसऱ्याने तुमच्यासोबत घर धुंडाळायचं: जुन्या पर्सा, गाडीचा कप्पा, पुस्तकांमागची जागा. तुम्ही कुठे लपवल्यात ते तुम्हालाच ठाऊक आहे, ते दाखवा. डोस कमी करायला लागणाऱ्या गोळ्या बाजूला ठेवा आणि उरलेल्या गोळ्या औषधाचं दुकान परत घेत असेल तर तिथे द्या. कठीण दिवसांत पाणी-मिठाचं बघणं, रात्री दोन वाजता आलेला फोन उचलणं, मुलांना सांभाळणं, ही वेगवेगळ्या माणसांची कामं होऊ शकतात. आणि चौकशी दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी करायची. तिला उत्तर खरं द्यायचं, हा तुमचा शब्द.

घरचेही थकलेले असतात, हे विसरायला होतं. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी वेगळे गट असतात, त्यांना तिकडे जायला सांगा. तुमच्या तक्रारी करायला त्यांना हक्काची जागा हवी.

पायरी ५: त्याच वाटेवरच्या लोकांत बसा

नार्कोटिक्स ॲनॉनिमस हा व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट १९५३ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि आता जगभर त्याच्या सभा होतात, ऑनलाइनही. पैसे लागत नाहीत, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, आणि कोणता पदार्थ घेत होतात याला तिथे महत्त्व नसतं. या गटाच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाची, श्रद्धेची भाषा रुचत नसेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे विचार आणि वर्तनावर काम करणारे गट आहेत.

पहिल्या सभेत "मी यांच्यासारखा नाही, माझी तर डॉक्टरांची गोळी होती" असं वाटतं. बहुतेकांना वाटतं. मागे बसा, गप्प बसा, पण एका सभेवरून ठरवू नका. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बघा आणि निघताना एकाचा फोन नंबर घ्या. तलफ येते तेव्हा घरच्यांना सांगायची लाज वाटते, या नंबरवर वाटत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते ती सांगतो. काही ठिकाणी बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्याला "तू अजून सुटलेला नाहीस" असं ऐकवलं जातं. त्यापायी औषध बंद करू नका. गट बदला.

पायरी ६: वाईटात वाईट प्रसंगाची तयारी

काही दिवस गोळी बंद राहिली की शरीराची सहन करायची ताकद उतरते. पूर्वी सहज पचलेला डोस आता जीवघेणा ठरू शकतो. म्हणून घसरण झालीच, तर जुना डोस कधीही घेऊ नका, एकटे असताना घेऊ नका, आणि लगेच कोणाला तरी कळवा.

घरच्यांना ओव्हरडोसची लक्षणं माहीत हवीत: हाक मारून, हलवूनही न उठणं, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. असं दिसलं तर आधी तातडीच्या सेवेला फोन. नालोक्सोन नावाचं औषध नाकातल्या फवाऱ्याने किंवा इंजेक्शनने ओपिऑइडचा परिणाम उलटवतं. ते मिळत असेल तर घरात आणून ठेवा, कुठे ठेवलंय ते सगळ्यांना दाखवा आणि वापरायचं कसं ते शिकून घ्या. श्वास थांबलेला असेल तर तोंडाने श्वास द्या, चालू असेल तर कुशीवर वळवा. नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो. तो उतरल्यावर माणूस पुन्हा बुडू शकतो, त्यामुळे डोळे उघडले तरी दवाखान्यात न्यायचंच.

घसरण झाल्यावर वही परत उघडा. त्या दिवशी झोप झाली होती का, उपाशी होतात का, कोणाशी वाजलं होतं, कोणाला फोन करायचा राहिला? दुसऱ्या दिवशी हे डॉक्टरांना आणि आपल्या त्या एका माणसाला दाखवा. लपवलेली घसरण पुढच्या घसरणीला बोलावते. सांगितलेली बऱ्याचदा तिथेच थांबते.

झोपेची आणि मनाची घडी बसायला शरीर सुटल्यानंतरही कित्येक आठवडे, कधी महिने जातात. या काळात माणसं भेटी गाळायला लागतात, कारण बरं वाटू लागलेलं असतं. पुढच्या तीन भेटींच्या तारखा आधीच घेऊन ठेवा. आणि दाढ काढायची असो किंवा ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगा की मला ओपिऑइडची सवय होती. त्याशिवाय कशाने भागेल ते विचारा. भागणारच नसेल, तर मोजक्या दिवसांच्याच गोळ्या लिहून घ्या आणि ते पाकीट दुकानातून घरी येताना तुमच्या ताईच्या पर्समध्ये असू द्या.