आत्याला केअर होममध्ये ठेवताना काय काय बघितलं, त्याची यादी

इथे इंदूरात सुदामानगरातून फोन, टिळकनगरातून फोन, परवा तर देवासहून मावसबहिणीच्या जावेचा फोन, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आईला नाहीतर सासऱ्यांना नर्सिंग केअर होममध्ये ठेवायचंय, तू आत्याच्या वेळेस काय काय बघितलंस ते सांग. फोनवर दर वेळी काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदाच लिहून टाकते. आमची आत्या ८४ वर्षांची, शुगर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेली, कानाला मशीन, आणि स्वभाव म्हणाल तर अजून रामबागेतल्या वाड्यात राहिल्यासारखा. पहिल्या जागी आम्ही फसलो, दुसऱ्या जागी बरं चाललंय. त्यामुळे यादीतलं निम्मं शहाणपण उशिरा आलेलं आहे हे आधीच कबूल करते.

आधी घरी बसून ठरवा की तुम्हाला नक्की काय हवंय. वृद्धाश्रम म्हणजे राहणं-जेवण-सोबत, आणि नर्सिंग केअर म्हणजे इंजेक्शन, नळी, ड्रेसिंग, रात्रभर जागं माणूस. बोर्डावर दोन्हीकडे "केअर" लिहिलेलं असतं त्यामुळे घोटाळा होतो. आपल्या एमपीत नर्सिंग होमसाठी १९७३ चा वेगळा कायदा आहे, रजिस्ट्रेशन सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या ऑफिसकडून होतं, तर सरळ विचारायचं की तुमचं रजिस्ट्रेशन कशाचं आहे, सर्टिफिकेट दाखवा, आणि त्यावरची मुदत वाचायची. लाजायचं नाही. आपण साडी घेताना पदर उलटा करून बघतो की नाही? नर्स म्हणून जी आहे ती जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) आहे, एएनएम (त्याहून छोटा कोर्स झालेली) आहे की नुसता पांढरा कोट घातलेली पोरगी आहे, नर्सिंग काउन्सिलचा नंबर आहे का, आणि आया-अटेंडंटचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हेही तेव्हाच विचारून घ्या.

जागा बघायला दोनदा जा. पहिल्यांदा सांगून, दुसऱ्यांदा न सांगता रात्री आठ-साडेआठला, ड्यूटी बदलते तेव्हा. सकाळी अकराला सगळीकडे फिनाइलचा वास आणि गणपतीसमोर उदबत्ती असतेच हो. रात्री किती पेशंटला किती माणसं आहेत ते मोजा, विचारू नका, मोजा. आणि एक बेल दाबून बघा, कोण येतं आणि किती वेळात येतं. पहिल्या जागी आम्ही फक्त रविवारी सकाळी गेलो होतो, आमचे यजमान तर बाग बघूनच खूश.

आता बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून पडून होणाऱ्या जखमा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, ऐकून घ्या. ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला लागते, डावी, पाठ, उजवी, आणि पलंगाशी चार्ट लागतो ज्यावर वेळ आणि सही असते. त्या पहिल्या जागी चार्ट होता, छान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मी एकदा दुपारी तीनला गेले, सहज चाळला, तर संध्याकाळी सहाची सही झालेली होती! आठची पण! एकाच पेनाने, एकाच दमात. मी चादर बाजूला करून आत्याला कुशीवर केलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबून सोडलं की साधा लालपणा क्षणभर पांढरा पडतो, हा पडत नव्हता, म्हणजे सुरुवात झालेली होती. सावळ्या अंगावर लाल दिसतही नाही नीट, तिथे हात लावून बघायचं की जागा गरम किंवा कडक लागते का. आणि तिथली बाई तेल घेऊन चोळायला निघाली होती, ते तर अजिबात करू द्यायचं नाही, आतली कातडी आणखी फाटते. हवा भरलेली गोल ट्यूब खाली ठेवतात तीही नको. एअर बेड चांगला, पण एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं नसतं, आणि त्याची मोटर चालू आहे का हे हात ठेवून बघा, आमची दोन दिवस प्लगमधून निघालेली होती. तर चार्ट बघताना आजचा बघू नका, मागच्या आठवड्याचा मागा, आणि पुढच्या वेळा आधीच भरल्यात का तेवढं बघा. तिथेच सगळं कळतं.

दुसरी मोठी गोष्ट औषधं. घरून निघताना सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर, नाव, किती एमजी, केव्हा, जेवणाआधी की नंतर, आणि कशाची ॲलर्जी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लाल पेनाने. गोळ्या डबीत मोकळ्या द्यायच्या नाहीत, पट्टीसकट द्यायच्या. इन्सुलिन असेल तर मात्र स्वतः उभं राहून एकदा बघा. आपल्याकडे बाटली एका एमएलला ४० युनिटची येते आणि १०० ची पण येते, आणि दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या, लाल टोपी ४० ची, नारंगी १०० ची. १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज झाली की २० च्या खुणेपर्यंत भरलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात ५० युनिट जातं. पन्नास! म्हाताऱ्या माणसाची शुगर रात्रीतून कुठल्या कुठे जाईल. म्हणून मी बाटली आणि सिरिंजचा फोटो काढून त्यांच्या फाइलला चिकटवलाय, सिस्टर हसली, हसू दे. फ्रिज बघा, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत लागतं, फ्रीजरमध्ये नाही, आणि त्याच फ्रिजात स्टाफचं दूध आणि कोथिंबीर असेल तर समजून जा. शुगर ७० च्या खाली गेली तर काय करता हे विचारा, उत्तर "डॉक्टरांना फोन" एवढंच आलं तर थोडं थांबा, माणूस शुद्धीत असेल तर आधी साखर-पाणी द्यायला हवं, शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

नाकातून नळी असेल तर दूध-पेज देताना डोकं निदान ३० ते ४५ अंश वर हवं आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच, झोपवून भरवलं की फुप्फुसात जातं. आपल्या नातेवाइकांचा पण दोष असतो बरं का, भेटायला येताना जिलबी आणायची आणि आडव्या माणसाला "एक घास तरी" म्हणून भरवायचा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, जमिनीवर लोळणारी नको आणि पलंगावर मांडीशी ठेवलेली तर नकोच.

बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. धरायला दांडा आहे का, तो हलतोय का, फरशी ओली असताना चप्पल घसरते का, रात्रीचा छोटा दिवा आहे का, गीझरचं पाणी आधी कोपराने बघतात का. रॅम्पचा नियम एकास बारा आहे, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट लांब उतार, आणि बऱ्याच ठिकाणी सहा फुटांत उरकलेला असतो, तिथून व्हीलचेअर खाली सोडून दाखव म्हणावं. पाण्याची टाकी केव्हा धुतली ते विचारा, आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोअर आणि टँकर. मे महिन्यात ४२ डिग्रीला लाइट गेली तर ऑक्सिजन मशीन कशावर चालते तेही विचारा, भरलेला सिलिंडर बाजूला आहे का आणि भिंतीला साखळीने बांधलेला आहे का. कूलरचं पाणी दर आठवड्याला बदलतात का, नाहीतर डेंगू फुकटात.

आगीचं. भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते बघा आणि चौकीदाराला विचारा, भैया ये चलाना आता है? आमच्या पहिल्या जागी विसरभोळे पेशंट बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून जिन्याच्या जाळीला रात्री कुलूप आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात, मॅनेजर घरी. दुसऱ्या मजल्यावर चौदा माणसं, त्यातली नऊ अंथरुणाला खिळलेली. मी ती रात्र झोपले नाही. शक्यतो तळमजला मागा, खोली लहान असली तरी चालेल. आणि पेशंट रात्री उठतो म्हणून हात बांधून ठेवतात का हे स्पष्ट विचारा, मनगटं बघा.

कचऱ्याकडे कोणी बघत नाही, पण इंदूरवाल्यांना तर कचरा वेगवेगळा करायची सवय आहे. सुया पांढऱ्या टोचबंद डब्यात, नळ्या आणि लघवीच्या पिशव्या लालमध्ये, रक्ताचे बोळे पिवळ्यात, हे २०१६ चे नियम आहेत, आणि हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. डायपरच्या बादलीत सुई दिसली तर मी त्या घरात चहा पण घेणार नाही.

पैशाचं लिहून घ्या, सगळं. डायपर, डॉक्टरची व्हिजिट, ऑक्सिजन, ड्रेसिंग महिन्याच्या रकमेत आहे की वेगळं, डिपॉझिट किती दिवसांत परत, रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार आणि सोबत कोण जाणार. सत्तरीच्या वर असलेल्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड निघतं, ते काढून फाइलमध्ये ठेवा, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं आहे, होमच्या महिन्याच्या बिलाला चालत नाही, आमच्या भावाने तेवढ्यावरून वाद घालून झालाय. आणि तक्रार करून काही होत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, नंबर आत्याच्या उशाशी मोठ्या अक्षरात लिहिलाय.

शेवटी बॅग. कपड्यांवर नाव धाग्याने, मार्करचं दोन धुण्यांत जातं. कवळीच्या डबीवर नाव, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टीवर नाव. नखं कापायचं स्वतःचं कटर, शुगरवाल्यांची नखं कोणालाही कापू द्यायची नाहीत. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्यांची दोन पाकिटं जास्त, कारण पहिल्या जागी बॅटरी संपल्यावर चार दिवस तिला "काही समजत नाही, बधिर झालीय" म्हणत होते आणि ती बिचारी फक्त ऐकू येत नाही म्हणून मान हलवत होती.