बेंच ड्रिल: बसवण्यापासून शेवटच्या मिलिमीटरपर्यंत

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचं पंपांच्या बेसप्लेटी आणि ब्रॅकेट करायचं छोटं वर्कशॉप आहे. कामावर नवीन मुलगा आला की आधी त्याला ड्रिलवर उभं करायचं अशी सगळीकडे रीत, कारण मशीन दिसायला गरीब. मी त्याला आधी नुसता जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, बांधायला लावते. भोक सुरू करायला फारसं काही लागत नाही. घोटाळा होतो तो बिट (भोक पाडणारी पीळदार सळई) खालून बाहेर पडताना, शेवटच्या मिलिमीटरला. तुम्ही घरी किंवा गाळ्यात स्वतःचं बेंच ड्रिल घेत असाल, तर मशीनचे बोल्ट आवळण्यापासून पुढचं सगळं त्या मिलिमीटरचा विचार करूनच करा.

तिथे काय होतं ते आधी बघू. बिटाच्या टोकाशी मधोमध एक छोटी आडवी धार असते. ती कापत नाही, धातू चेपून बाजूला सारते, आणि हँडलवरच्या जोराचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो. ही धार खालून बाहेर पडली की विरोध एकदम संपतो. दाबाने किंचित वाकलेलं मशीनचं टेबल आणि खांब जागेवर येतात, बिट पुढे उसळतं, कडेच्या धारा जाड घास घेतात आणि बिटाचा पीळ स्क्रूसारखा जॉबला वर खेचतो. जॉब सुटा असेल तर तो बिटाबरोबर गरकन फिरतो. तेवढ्या वेळात हात मागे घेणं कुणालाच जमत नाही.

म्हणून पहिलं काम बसवण्याचं. घरगुती कामाला १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा), अर्ध्या एचपीच्या सिंगल फेज मोटरचं मशीन पुरतं. त्याचं वजन वरच्या बाजूला असतं, त्यामुळे ते बाकावर नुसतं ठेवून चालवू नका. जाड फळीच्या किंवा अँगलच्या भक्कम बाकाला बोल्ट आरपार घालून, खाली मोठे वॉशर देऊन आवळा. बाकाची उंची अशी ठेवा की मशीनचं टेबल तुमच्या कोपराच्या जरा खाली येईल. वाकून काम करणाऱ्याचं डोकं चकजवळ जातं.

चक स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चढवण्याआधी दोन्हींचे टेपर, म्हणजे एकमेकांत बसणारे निमुळते भाग, कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेलाचा थेंब किंवा धातूच्या किसाचा कण राहिला तर चक डुलतो, आणि काम चालू असताना निसटून खालीही पडतो. चकचे जबडे पूर्ण आत घ्या आणि खालून लाकडी ठोकळा धरून एक-दोन ठोके द्या. लोखंडी हातोडी थेट चकवर कधीही नाही.

मग टेबल काटकोनात आहे का ते बघा. गुण्या लावायचा तर चकमध्ये सरळ गोल सळई धरा. बिटाच्या पिळावर गुण्या नीट टेकत नाही. मला तारेची युक्ती जास्त आवडते. जाड तार वाकवून चकमध्ये धरायची, टोक टेबलाला जेमतेम टेकवायचं आणि प्लग काढून चक हाताने फिरवायचा. एका बाजूला घासली आणि दुसऱ्या बाजूला फट राहिली तर टेबल कललेलं आहे. ही युक्ती माझ्या काकांची. ते कलाभवनात शिकले, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे काढलेल्या संस्थेत, आणि नव्या कामाआधी टेबल तपासल्याशिवाय ते बिटाला हात लावत नसत.

विजेचं थोडक्यात. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर काम करणारं अर्थिंग हवंच. साध्या खटक्याऐवजी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवून घ्या, तो वीज गेली की मशीन बंदच ठेवतो. वीज जाऊन परत आली की खटक्याचं मशीन आपोआप फिरायला लागतं, आणि नेमका तेव्हाच तुमचा हात चकजवळ असू शकतो.

वेग बदलायचा तो प्लग काढूनच. मोटरच्या लहान पुलीवरून स्पिंडलच्या मोठ्या पुलीवर पट्टा गेला की वेग कमी. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिमी दबला की ताण ठीक. किती वेग ठेवायचा याचा आमचा हिशेब सोपा आहे: एमएससाठी (साध्या पोलादासाठी) ८००० ला बिटाच्या मिमीने भागायचं. म्हणजे १० मिमीला ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ६ मिमीला सुमारे १३००. एसएसला (स्टेनलेस स्टीलला) याच्या निम्मा, ॲल्युमिनियमला दुप्पट किंवा जरा जास्त. हे साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाचं गणित. पुलीवर नेमका आकडा मिळत नसेल तर त्याखालची पायरी घ्या. मशीनचा सगळ्यात कमी वेगही जास्त पडत असेल तर ते भोक त्या मशीनचं काम नाही, दुसरीकडून पाडून घ्या. एमएसचा कीस निळा पडायला लागला तर बिट तापतंय, थांबा.

आता पकड. जॉब मशीन व्हाइसमध्ये धरा आणि व्हाइस टेबलाला बोल्टने बांधा. नुसती जड व्हाइस पुरेल असं म्हणणारे खूप भेटतात, पण १० मिमीचं बिट अडकलं की ती व्हाइसही फिरते. लांब पट्टी व्हाइसमध्ये मावत नसेल तर क्लॅम्पने टेबलाला आवळा आणि तिचा लांब भाग डावीकडे, खांबाच्या डाव्या अंगाला टेकलेला ठेवा. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतं. पट्टी डावीकडे असली तर अडकल्यावर खांबावर दाबली जाते. उजवीकडे असली तर तुमच्या पोटाकडे येते. खाली लाकडाचा सपाट तुकडा द्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या बिटाला आधार मिळतो, टेबलाला भोक पडत नाही आणि जॉबला खालून बरही (भोकाच्या कडेला उरणारी धारदार कोरही) कमी येते. पातळ पत्रा दोन लाकडांच्या मध्ये दाबूनच ड्रिल करा. पत्रा आणि पितळ ही दोन्ही बिट गपकन ओढून घेणारी.

जागेवर सेंटर पंचाची ठळक खूण करा, नाहीतर बिट सुरुवातीलाच भटकतं. ८-१० मिमीच्या पुढचं भोक असेल तर आधी लहान पायलट, म्हणजे वाट दाखवणारं बारीक भोक, मारा. मोठ्या बिटाच्या मधल्या आडव्या धारेच्या रुंदीएवढा पुरतो. ती धार मोकळी झाली की हँडलवर निम्माही जोर लागत नाही. चक चावीने तिन्ही भोकांतून आवळा आणि चावी लगेच काढा. आमच्याकडे नियम आहे: चावी हातात आहे तोवर मशीनसमोर दुसरं काही बोलायचं नाही.

कपड्यांचं मी फार कडक बघते. हातमोजे घालून ड्रिल चालवायचं नाही. मोजा अडकला की बोट सोबत जातं. बाह्या वर, ओढणी काढून, केस बांधून, अंगठी आणि कडं खिशात. मनगटावरचा नाडाछडीचा (पूजेत बांधलेला) धागा किंवा राखी असेल तर तीही झाकून किंवा काढून. मुलांना याचं वाईट वाटतं, मला कळतं. पण तो धागा सहजासहजी तुटत नाही हेच तर भय आहे. आणि नवरात्रात रात्रभर गरबा खेळून आलेल्याला सकाळी मी मोजमापाला बसवते, ड्रिलवर नाही. डोळ्यांवर गॉगल मात्र सगळ्यांना, बाजूला उभ्या असलेल्यालाही.

बटण दाबल्यावर बिट सरळ फिरतंय ना ते बघा आणि मग टेकवा. एमएसवर कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमवर थोडं रॉकेल चालतं, बीड आणि पितळ कोरडंच. बिटाच्या दोन्ही खाचांतून सारखा कीस वर यायला हवा. एकाच खाचेतून येत असेल तर बिटाची धार एका बाजूला जास्त आहे आणि भोक मोठं पडणार. बिटाच्या जाडीएवढं खोल गेलं की एकदा वर उचला, कीस तुटू द्या. लांब गुंडाळी झाली तर मशीन बंद करून ब्रशने काढा, बोटाने नाही, हवेने फुंकूनही नाही.

आणि मग तो मिलिमीटर. जॉबच्या जाडीवरून डेप्थ स्टॉपचं (खोली ठरवणाऱ्या अडणीचं) नट आधीच लावून ठेवा, म्हणजे कधी सावध व्हायचं ते कळतं. शेवट जवळ आला की आवाज बदलतो, हँडल हलकं लागतं. तिथे जोर काढून घ्या, पण हँडल सोडू नका; उलट ते किंचित धरून ठेवा, बिट स्वतःहून पुढे जाऊ देऊ नका. अडकलंच तर आधी बटण बंद. जॉब पकडायला हात पुढे करू नका. चक हाताने थांबवायचा नाही, तो आपोआप थांबेल. मग भोकाच्या खालच्या कडेची बर मोठ्या बिटाने हाताने फिरवून काढा, ती ब्लेडएवढी कापते.

आमच्याकडे पावसाळ्यात खांबावर आणि टेबलावर दोन दिवसांत गंज धरतो, त्यामुळे काम संपलं की पुसून तेलाचा पातळ हात द्यायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तसं पुन्हा झालं आणि मशीन बुडालं, तर लगेच चालू करून बघू नका. मोटर उघडून सुकवा, वाइंडरकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या, स्पिंडलच्या बेअरिंगमधला चिखल काढून नवीन ग्रीस भरा, पट्टा नवा घाला, आणि टेबलाची तार परत एकदा फिरवून बघा.