फंक ड्रम-ब्रेकचे सॅम्पल कसे कापावे

ड्रम-ब्रेकचे (गाण्यात फक्त ड्रम वाजत राहतात त्या भागाचे) सॅम्पलिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणातला तुकडा कापून नव्या गाण्यात वापरणे, शिकणाऱ्याने सुरुवात फंक गायक जेम्स ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर'पासून करावी, असे माझे ठाम मत आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या गाण्यात इतर वाद्ये थांबतात आणि ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड एकटे वाजवत राहतात. स्नेअरच्या (कडक आवाजाच्या ड्रमच्या) ठळक आघातांमध्ये त्यांनी पेरलेले जेमतेम ऐकू येणारे हलके आघात हाच या ब्रेकचा प्राण आहे.

पहिला किक (पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचा आघात) उसळण्याच्या किंचित आधी, ध्वनिलहर शून्यरेषा ओलांडते त्या बिंदूवर काप घ्यावा, म्हणजे जोडावर खटका येत नाही. शेवटचा काप पुढील बारच्या (तालाच्या एका आवर्तनाच्या) पहिल्या किकआधी घेऊन तुकडा सलग फिरवून ऐकावा. प्रत्येक आघात ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधील समान अंतराच्या ताल-रेषांवर) बसवू नये, कारण त्याने वादकाची मूळ चाल हरवते. बारचा पहिला आघात जुळला तरी पुरते. कॉम्प्रेसर (मोठ्या आणि हलक्या आवाजांतला फरक कमी करणारे साधन) मात्र बेतानेच लावावा.

यानंतर द विन्स्टन्स या बँडच्या 'आमेन, ब्रदर'मधील (१९६९) ड्रमवादक ग्रेगरी कोलमन यांचा चार बारांचा, अधिक वेगवान ब्रेक घ्यावा. गाणे प्रसिद्ध करायचे असल्यास ध्वनिमुद्रण आणि रचना या दोहोंच्या हक्कधारकांची परवानगी आवश्यक असते, आणि श्रेयनामावलीत ड्रमवादकाचे नावही आवर्जून द्यावे.