आगोटीला होडी काढताय? परतीची एसटी आधी बघा

मेच्या विशीनंतर, आगोटीला म्हणजे पावसाळा तोंडावर असताना, मालवणाहून देवगडमार्गे विजयदुर्गला होडीने जायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा हट्ट. होडी २२ फुटी, फायबरची. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून ही हंगामातली शेवटची फेरी. एकदा ती देवगडातच संपली. आता कोणी विचारलं की मी हे सांगतो.

निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर प्रश्नच मिटला. भरतीचा ढोबळ हिशेब आजोबांचा: तिथीची पाऊणपट. सप्तमीला पूर्ण भरती सव्वापाचच्या सुमारास. पक्की वेळ तक्त्यात बघा.

खरी तयारी वेगळीच. प्रत्येक टप्प्यावर ‘इथे वारा फिरला तर कुठे’ हे कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशी सप्तमीच होती. सहाला निघालो. मतलई वारा, म्हणजे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, निदान दहापर्यंत टिकायला हवा होता. आठला आचऱ्यासमोर तो पडला, वारा फिरला आणि नैर्ऋत्येकडून लांब, जड लाट यायला लागली. मालवण ८ सागरी मैल मागे, देवगड ११ पुढे. पाहुणे म्हणाले, मागे फिरा. पण मागे म्हणजे वाऱ्याच्या तोंडात, प्रत्येक लाट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर घेत. मग आचऱ्याची खाडी? ती तर अगदी डोळ्यांसमोर. माझा हात सुकाणूवर वळलाही होता. सोबतचा म्हातारा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा जाणता, म्हणाला, “मास्तरांनू, खाडी नको. सरळ देवगड गाठूया.”

का, ते लक्षात ठेवा. ओहोटीचं पाणी बाहेर येतं, लाट आत जाते, आणि खाडीच्या तोंडावरच्या उथळ वाळूवर दोन्हींची टक्कर होऊन लाट फुटते. समुद्राकडून बघताना तिची फक्त पाठ दिसते, म्हणून तोंड शांत वाटतं. अशा खाडीत शिरायचंच तर भरती चढताना.

वारा फिरला की आधी सावलीची ताडपत्री उतरवा; तीच शिडासारखी होडी आडवी करते. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात. सामान आणि माणसं खाली, मध्यावर. लाट मागून येत असेल तर तिच्यावरून घसरत सुटू नका, इंजिन कमी करा. पेट्रोल हिशेबाच्या दुप्पट असावं. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दल १५५४ वर. मात्र उलटण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

देवगड बंदर आडोशाचं. वादळात परराज्यांतले ट्रॉलरही तिथेच येतात. त्यांच्या गर्दीत नांगर टाकू नका; लहान होडीला आत, उथळात जागा मिळते. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान सातपट सोडा.

त्यानंतरचं काम मला सगळ्यांत जड गेलं. “उद्या हवा सुधारेल” म्हणत आम्ही दोन दिवस लॉजवर बसलो. विजयदुर्गच्या खोलीचा ॲडव्हान्स बुडालेला, मेहुणा रजा मोजतोय. तिसऱ्या दिवशी वारा जरा मंदावला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. वारा मंदावला तरी लाट मागे राहते, म्हणून मी नाही म्हटलं. होडी किनाऱ्यावर ओढली, इंजिन काढून तांडेलाच्या भाच्याकडे ठेवलं आणि मालवणची एसटी धरली. होडी गणपती झाल्यावर आणली.