इनपुट मीटर बनवताय? आधी त्याला लक्षात ठेवायला शिकवा

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला इनपुट मीटर (येणारा आवाज किती मोठा ते दाखवणारी पट्टी) लावायचा म्हटलं की बहुतेक जण रंग निवडायला बसतात. हिरवा किती गडद, पिवळा कुठून सुरू, पट्टी उभी की आडवी. ही कामं शेवटच्या दिवशी तासाभरात उरकतात. मीटर बिघडतो तो आतल्या आकड्यांत. वर पट्टी छान नाचत असते, त्यामुळे बिघाड महिनोन्महिने कळत नाही.

माइकसमोरचा माणूस मीटरकडे बघतच नसतो. तो संहिता वाचत असतो, डोळे मिटून तान घेत असतो, नाहीतर दोन्ही हात तबल्यावर असतात. टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची एक फेरी, संपला की मान वर करून तो एवढंच विचारतो, "कुठे फाटलं का?" म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन लाट छाटली गेली का. तोवर पट्टी खाली बसलेली असते. आत्ता काय चाललंय हे दाखवणारा मीटर अर्धंच काम करतो. मघाशी काय होऊन गेलं तेही त्याला सांगता आलं पाहिजे.

माइकचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये येतोय आणि पडद्यावर पट्टी काढता येतेय, इथून पुढचं सांगतो.

१. कुठून मोजायचं ते ठरवा

सॉफ्टवेअरमधल्या इनपुट स्लायडरच्या आधी मोजा. बऱ्याच यूएसबी इंटरफेसांच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणांच्या) बाबतीत हा स्लायडर आवाजाचे आकडे झाल्यानंतर त्यांना नुसता भागतो. इंटरफेसमध्येच लाट वरून छाटली गेली असेल आणि स्लायडर अर्ध्यावर असेल, तर स्लायडरनंतर मोजणारा मीटर −६ डेसिबल दाखवतो (० म्हणजे कमाल मर्यादा) आणि रेकॉर्डिंग फाटलेलं निघतं. ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत, जिथे शून्य डेसिबलच्या वरही जागा असते) रेकॉर्ड केलं की फाटत नाही, असंही ऐकाल. फाइल फाटत नाही हे खरं. पण आकडे होतानाच जे छाटलं गेलं, ते कुठलीच फाइल परत आणत नाही.

२. पट्टी डेसिबलची ठेवा

साध्या प्रमाणात काढलेल्या पट्टीत −२० डेसिबल म्हणजे उंचीचा एक दशांश. लेव्हल चांगली असूनही माणसाला ती मेलेली वाटते, तो गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) वाढवत जातो आणि आवाज फाटतो. −६० ते ० अशी डेसिबलची पट्टी घ्या. तिच्यावर −१८ बरोबर सत्तर टक्क्यांवर येतं. बोलण्याची शिखरं −१२ ते −६ मध्ये राहावीत असं मी सांगतो, म्हणून तेवढ्या भागाला किंचित वेगळी पार्श्वभूमी देतो.

३. शिखर हरवू देऊ नका

इथे मी तोंडावर आपटलो होतो.

एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग माझ्याच सॉफ्टवेअरवर चाललं होतं. मीटर पूर्ण वेळ −१४ च्या आसपास. ऐकायला बसलो तर टाळ फाटलेले. मी माइकवर संशय घेतला, केबल बदलली, टाळकऱ्याला दोन पावलं मागे सरकवलं. पुन्हा मीटर शांत, पुन्हा टाळ फाटलेले. चूक माझ्या कोडच्या एका ओळीत होती.

आवाज सॉफ्टवेअरकडे तुकड्यातुकड्यांनी येतो. सेकंदाला ४८,००० नमुने (लाटेच्या उंचीचे आकडे) आणि २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे एका वेळी येणारा तुकडा, असेल, तर एक तुकडा सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. मध्ये तीन तुकडे येऊन जातात. माझा कोड दर तुकड्याची लेव्हल आधीच्या लेव्हलवर लिहायचा. पडदा आकडा विचारायला यायचा तेव्हा त्याच्या हाती फक्त शेवटचा तुकडा. आधीचे दोन पुसलेले. तंबोऱ्याला याचा फटका बसत नाही, कारण त्याचे लागोपाठचे तुकडे जवळजवळ सारखेच. पेटीचंही तसंच. टाळाचं टोक मात्र आघाताच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत येऊन जातं, आणि तीनातल्या दोन वेळा ते पुसलेल्या तुकड्यात पडायचं. मी मीटर तपासला होता तो तंबोऱ्यावर!

यावर मला दोन सल्ले मिळाले, दोन्ही वाया. पहिला, सरासरी काढा. सरासरीत टोक आणखीच दबतं. जुन्या व्हीयू मीटरचा काटा मुद्दामच तसा मंद ठेवला होता. १९३९ साली ठरलेल्या त्या रचनेत काट्याला वर पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. आवाज कानाला किती मोठा वाटतोय, याचा अंदाज त्यातून येतो. टेपवर क्षणभराचा जादा आवाज थोडा दबून खपून जायचा. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही भिंत आहे, तिथे खपून काही जात नाही. दुसरा सल्ला, पडदा जास्त वेळा रंगवा. सेकंदाला १४४ वेळा रंगवला तरी दोन चित्रांत ६.९ मिलिसेकंदांचं अंतर राहतं आणि काही तुकडे निसटतातच. वर जुना लॅपटॉप चित्रं काढण्यातच दमतो.

उपाय असा. आवाजाच्या बाजूने दर तुकड्यातला सर्वांत मोठा आकडा शोधायचा आणि तो आधी साठवलेल्यापेक्षा मोठा असेल तरच लिहायचा. पडद्याने तो उचलला की जागा शून्य करायची. उचलणं आणि शून्य करणं ही एकच कृती हवी. जवळपास सगळ्या भाषांत यासाठी अ‍ॅटॉमिक एक्स्चेंज असतं. आधी वाचलं आणि मग पुसलं, तर मधल्या फटीत आलेलं शिखर पुसलं जातं. आणि इथे कुलूप (लॉक, म्हणजे एक बाजू आकडा वापरत असताना दुसरीला थांबवणं) लावू नका. पडद्याने कुलूप धरून ठेवलं तर आवाजाचा थ्रेड (आवाज हाताळणारा कोडचा धागा) खोळंबतो आणि रेकॉर्डिंगमध्ये खट् असा आवाज येतो. मीटरपायी टेक गेला, हे कोणाला सांगणार?

हे करून मी निर्धास्त झालो आणि पुन्हा फसलो. मुख्य खिडकीत एक मीटर होता, मिक्सरच्या खिडकीत दुसरा. दोघेही तोच आकडा उचलून शून्य करायचे. जो आधी पोचला त्याला शिखर मिळायचं, दुसऱ्याला रिकामी जागा. मिक्सर बंद असला की सगळं ठीक; उघडला की दोन्ही मीटर अर्धवट खरं बोलायला लागायचे. आकडा एकानेच उचलावा आणि बाकीच्यांना वाटावा. आज दुसरी खिडकी नसली तरी हे आत्ताच करून ठेवा, ती पुढे येतेच.

आणखी एक चूक इतरांच्या कोडमध्ये मला अजून सापडते. १६ बिटमध्ये नमुने −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत जातात. −३२,७६८ चं चिन्ह काढून टाकायला गेलात तर ३२,७६८ त्याच १६ बिटांत मावत नाही आणि आकडा उणेच राहतो. म्हणजे लाट खालच्या टोकाला भिडते नेमकी तेव्हा मीटर तिला सर्वांत लहान समजतो. आधी फ्लोटमध्ये बदला, मग चिन्ह काढा.

स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनल वेगळे दाखवा. जागा नसेल तर दोन्हींतला मोठा. सरासरी इथेही नाही.

४. चढताना झटकन, उतरताना सावकाश

पट्टी लगेच चढू द्या आणि सेकंदाला १० ते १२ डेसिबलने उतरवा. बीबीसी पद्धतीच्या पीक मीटरचा काटा २४ डेसिबल उतरायला २.८ सेकंद घेतो, म्हणजे याहूनही निवांत. उतार किती वेळ गेला त्यावर मोजा. दर चित्रामागे ठरावीक उतरवलीत तर वेगवान पडद्यावर पट्टी धाडकन कोसळते.

५. फाटल्याची खूण टिकू द्या

लागोपाठ तीन नमुने टोकाला चिकटलेले दिसले की लाट छाटली गेली असं मी धरतो. एकच नमुना टोकाला पोचला तर तो खराही असू शकतो.

खूण पेटली की पेटलेलीच राहिली पाहिजे. दोन सेकंदांनी आपोआप विझणारा लाल दिवा मला मुळीच मान्य नाही; तो लावणाऱ्याने कधी माइकसमोर उभं राहून गायलेलं नसावं. माणसाने स्वतः क्लिक केलं किंवा नवा टेक सुरू झाला, तरच विझवा. शेजारी टेकमधला सर्वोच्च आकडा मोठ्या अक्षरात लिहा आणि किती वेळा, पहिल्यांदा कधी फाटलं तेही: "३ वेळा, पहिलं ०२:१४". लाटेच्या चित्रावरही त्या जागी रेघ मारा. नाहीतर चाळीस मिनिटांच्या कीर्तनात एक फाटका टाळ शोधताना अर्धा दिवस जातो.

६. रंग

हवे ते घ्या, पण लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी "फाटलं" हा शब्दही लिहा.

७. रेकॉर्ड दाबण्याआधी मीटर चालू

गेन लावायचा तो टेकच्या आधी, मग मीटर आधीच जिवंत हवा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या २ क्रमांकाच्या आवृत्त्यांत मीटरवर ‘क्लिक टू स्टार्ट मॉनिटरिंग’ असं लिहिलेलं असे. निदान वाट तरी दाखवली होती. माइक आपोआप चालू होणं कुणाला आवडत नसेल तर तसं बटण द्या, पण ते मीटरवरच. सेटिंगच्या चौथ्या पानावर ते कुणाला सापडत नाही.

८. तपासा

गाणी लावून तपासू नका, गाण्यावर कुठलाही मीटर शहाणा दिसतो. पूर्ण शांततेची फाइल घ्या आणि तिच्यात मध्येच ०.९ उंचीचा एकच नमुना टाका. मीटरने −०.९ दाखवलं पाहिजे. जागा बदलत हे शंभर वेळा करा. नव्व्याण्णव वेळा दिसलं तर तिसऱ्या पायरीवर परत जा. मग ०.५ उंचीची साइन लाट द्या. −६ यायला हवं. −९ आलं तर तुम्ही शिखराऐवजी आरएमएस (एक प्रकारची सरासरी) मोजताय. दोन्ही चाचण्या मिक्सरची खिडकी उघडी ठेवून पुन्हा करा.

शेवटी माइकजवळ पडद्याकडे पाठ करून उभे राहा, एक जोरदार टाळी वाजवा, पाचपर्यंत मोजा आणि वळा. जागेवरून न हलता आकडा वाचता आला पाहिजे. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर मोठं करा.