नेटबुकचा माइक मुका झालाय? आधी उजवा चॅनल बंद करून बघा

जुन्या नेटबुकवर लिनक्स टाकलं की कधी कधी व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपला आवाजच जात नाही. माइक गेला असं धरून लगेच दुकानात धावू नका. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा अशा दोन चॅनलचं, रेकॉर्डिंग करा आणि लाटा झूम करून बघा. वरच्या पट्टीत लाट जिथे वर जाते, नेमकी तिथेच खालच्या पट्टीत ती खाली जात असेल, तर माइक ठणठणीत आहे. काही मॉडेल्समध्ये एकाच माइकचा आवाज दोन चॅनलवर एकमेकांच्या उलटा येतो. कॉलचं ॲप त्यांची बेरीज करून मोनो, म्हणजे एकच चॅनल, करतं आणि हाती उरतं शून्य.

उपाय फुकटचा आहे. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ उघडा, ‘इनपुट डिव्हायसेस’मध्ये कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून दोन्ही स्लायडर सुटे करा आणि उजवा पार शून्यावर आणा. डाव्याला हात लावू नका.

रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही पट्ट्या सपाटच दिसल्या तर मात्र टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा साउंड कार्डाच्या आवाजाच्या सेटिंग्जचा प्रोग्रॅम चालवा. एफ६ने साउंड कार्ड निवडा, मग एफ४ दाबा. माइकचं कॅप्चर, म्हणजे आवाज आत घेणं, बंद असेल तर स्पेस बारने सुरू होतं.